औषध उतरेपर्यंत

बाजारात सासऱ्यांना 'बिनपापणी' म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठीमागे सगळेच म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. रंगीत खड्यांच्या धंद्यात त्यांची उभी हयात गेलेली. पुडी उलगडली की गिऱ्हाईक खड्याकडे बघायचं आणि हे गिऱ्हाइकाच्या डोळ्यांकडे. म्हणजे बुबुळाच्या मधोमध जो काळा ठिपका असतो, त्या बाहुलीकडे. वस्तू मनात भरली की बाहुली पसरते. माणूस तोंडानं "छे हो, रंग फिका आहे" म्हणत नाक मुरडत असतो, आणि डोळ्यातलं काळं मात्र आ वासून बसलेलं असतं. जीभ पढवता येते, बाहुली कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हाताऱ्याला एकदा ते दिसलं की मग गिऱ्हाइकानं उठून दारापर्यंत जायचं नाटक करावं, परत यावं, पुन्हा जावं. हे आपले शांतपणे चहा पीत बसायचे.

बाहुली उजेडानंही हलते, म्हणून त्या दुकानातला उजेड कधी हलायचा नाही. खिडकीवर जाड पडदा, टेबलावर एकच दिवा, दुकान उघडल्यापासून बंद होईपर्यंत तसाच. बाहेर ऊन असो की आभाळ, आत कायमची दुपार. कोठडीतल्या कैद्यालाही झरोक्यातून दिवस मावळलेला कळतो, असं सुनेच्या मनात यायचं. आपल्याला तेवढीही सोय नाही.

ही सून सासऱ्यांच्या डाव्या हाताला बसायची. त्यांनी बोलायचं आणि तिनं बघायचं, अशी वाटणी होती. गिऱ्हाइकाची बाहुली पसरली की तिनं हातातला चिमटा टेबलावर ठेवायचा. चिमटा खाली आला की भाव हलत नसे. या कामात ती इतकी पटाईत झाली होती की सासरे चारचौघांत तिचं कौतुक करायचे, आणि ते कौतुक ऐकताना तिला गळ्यात पट्टा बांधल्यासारखं वाटायचं.

लग्नच मुळी त्यासाठी झालेलं. ती रत्नपरीक्षा शिकलेली, परीक्षेत पहिली आलेली. बघायला आले तेव्हा सासऱ्यांनी खिशातून पुडी काढून एक निळा खडा तिच्यासमोर ठेवला. तिचे डोळे जे व्हायचे ते झाले. ही गोष्ट त्यांनी लग्नाच्या पंगतीत सगळ्यांना ऐकवली. "मुलाकडे बघून हिची बाहुली तसूभर हलली नाही हो! खडा बघितला आणि टपोरी झाली! म्हटलं, हीच सून आपली." पंगत हसली. नवरा मुलगाही हसला. हसण्यावाचून त्या बिचाऱ्याकडे दुसरं काय होतं!

नवरा दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला, काचेच्या पेटीतल्या काट्यावर खडे तोलत बसायचा. नाकासमोर चालणारा माणूस. कधी आवाज चढवला नाही, कधी काही मागितलं नाही. तिला त्याचा राग नव्हता. पण राग नाही म्हणजे लगेच प्रेम असतं असं थोडंच आहे? आणि दोघांनाही ते माहीत होतं. ज्या घरात डोळे वाचतात, तिथे नवऱ्याला बायकोच्या मनातलं सांगावं लागत नाही.

आता तिला तिथून सुटायचं होतं. दूरच्या शहरातल्या एका तपासणीच्या प्रयोगशाळेनं तिला नोकरी देऊ केली होती. खडा खरा की खोटा एवढंच बघायचं, माणसांकडे बघायचंच नाही! ती हुरळून गेली होती. महिन्याच्या पहिल्या तारखेला मूळ प्रमाणपत्र घेऊन हजर व्हायचं होतं, आणि प्रमाणपत्र होतं सासऱ्यांच्या तिजोरीत. घरातले सगळे महत्त्वाचे कागद तिथेच असत. किल्ली त्यांच्या कमरेला. दुसरी प्रत काढायची तर सहा महिने.

मागायचं तर थाप मारावी लागणार, आणि सासऱ्यांसमोर थाप मारणं म्हणजे आरशासमोर लपणं. पूर्वी एकदा बहिणीकडे चार दिवस राहून यावं, म्हणजे खरं तर परतूच नये, अशा विचारानं तिनं सहज विचारल्यासारखं केलं होतं. सासऱ्यांनी दिव्याच्या उजेडात तिच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात बघू हं, सूनबाई." तो पुढचा महिना अजून उजाडायचा होता.

धाकटी बहीण डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. तपासणीआधी रुग्णांच्या डोळ्यात थेंब घालायचं काम. एकदा थोरलीचा चष्म्याचा नंबर तपासायचा म्हणून तिनं थेंब घातले. बाहुल्या पसरून ताटल्यांएवढ्या झाल्या. ती तशीच दुकानात परतली, तर सासरे तिच्याकडे टक लावून बघू लागले. मग खुर्चीत सरकले. मग चष्मा पुसला. शेवटी त्यांनी जे विचारलं ते त्या घरात तिला कधीच कुणी विचारलं नव्हतं.

"सूनबाई, काय चाललंय तुझ्या मनात?"

हातच्या संधीला पाठ कशी दाखवायची! ती लगेच म्हणाली, "काही नाही बाबा. माझं प्रमाणपत्र हवं होतं जरा. बहिणीच्या ओळखीत एक मुलगी तोच अभ्यास करतेय, तिला दाखवायचंय."

म्हाताऱ्यानं तिच्या डोळ्यात बराच वेळ शोधलं. तिथं नुसता काळोख. ते हसले.

"उद्या माग. दवाखान्यातलं औषध उतरल्यावर. झाकलेला माल मी घेत नाही, माहीत आहे ना तुला?"

अर्थातच दुसऱ्या दिवशी तिनं मागितलं नाही. तिनं धाकटीला गाठलं. "ताई, साधं औषध संध्याकाळपर्यंत उतरतं," धाकटी म्हणाली, "पण एक कडक आहे. ते आठवडा-दहा दिवस हटत नाही. सूज आलीय म्हणून सांग घरी. किती दिवस 'उद्या माग' म्हणतील? कंटाळून देतील." धाकटीचा स्वभावच तसा, आधी उडी आणि मग पाण्याची चौकशी. आणि थोरली इतकी घायकुतीला आलेली, की तिनं मान मागे टाकून डोळे उघडे धरले.

पण कंटाळतो तो बिनपापणी कसला? सासऱ्यांनी कागदाचा विषयच काढला नाही. उलट तिची दशा आगीतून फुफाट्यात पडल्यासारखी झाली. बाहेर पडलं की ऊन सुईसारखं टोचायचं, काळा चष्मा लावून फिरावं लागायचं. जवळचं तर काहीच दिसेना. ताटातलं, हातातलं, चिमट्यातलं, सगळं धुरकट. लांबचं मात्र स्वच्छ.

सासऱ्यांनी तरीही तिला दुकानात बसवलं. "घरात अंधारात काय करशील? बस शेजारी." गिऱ्हाईक आलं की चष्मा काढायला लावायचे. आणि दोन-तीन दिवसांत त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली, जी तिच्या लक्षात यायच्या आधी यावी हे तिचं दुर्दैव. माल जास्त खपत होता. गिऱ्हाइकं रेंगाळत होती. खडूस म्हणून नावाजलेला एक व्यापारी जाताना तिला म्हणाला, "तुमच्याकडे आलं की बरं वाटतं बघा." समोरच्या बाईचे डोळे आपल्याला बघून असे फुललेत म्हटल्यावर कुणाला बरं वाटणार नाही? औषधाचे आहेत हे त्या बापड्यांना काय ठाऊक!

"सूनबाई," सासरे त्या दिवशी दुकान बंद करताना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात लोणी होतं, "बहिणीला विचार, हे औषध रोज घालता येतं का. बाटलीच आणून ठेव ना. बघायचं काम मी करीन, तू नुसती बस."

इतके दिवस निदान तिचे डोळे तरी तिच्या उपयोगाचे होते. आता तेही दुकानाचे झाले होते, टेबलावरच्या दिव्यासारखे. ती "बरं" म्हणाली. त्या घरात "बरं" हा एकच शब्द डोळे न बघता स्वीकारला जायचा.

त्या दिवसांत तिला दुकानात एकच माणूस नीट दिसत होता. शेजारी बसलेले सासरे म्हणजे धुक्यातला आवाज. समोरचं गिऱ्हाईक म्हणजे एक डाग. आणि त्या सगळ्याच्या पलीकडे, दुसऱ्या टोकाला, काचेच्या पेटीमागे बसलेला नवरा मात्र रेखीव, कपाळावरच्या आठीसकट. ती दुसरीकडे बघणार तरी कुठे? मग ती बघत राहिली. काट्यात खडा ठेवताना तो श्वास रोखून धरतो, आपल्या फुंकरीनं वजन चुकेल म्हणून. वडिलांचा आवाज चढला की तो आधी खडा खाली ठेवतो आणि मगच मान वर करतो. गिऱ्हाइकाबरोबर आलेलं लहान मूल रडायला लागलं की काचेवर बोटानं हळूच टकटक करतो आणि मूल गप्प होतं. ज्याला ती इतकी वर्षं कोपऱ्यातलं कपाट समजत होती, तो तिथे बसून सगळ्यांकडे बघत होता.

दुकानावरच घर होतं. जिन्याच्या पायऱ्यांचा तिला अंदाज येईना, म्हणून तो रोज हाताला धरून तिला वर न्यायचा. एकदा जिन्याच्या वळणावर तो थांबला.

"चष्मा काढतेस?"

तिनं काढला. तो बघत राहिला. ती अवघडून म्हणाली, "अहो, औषधाचं आहे हे."

"माहीत आहे मला. तरी बघावंसं वाटतं." तो कान लाल होईपर्यंत ओशाळला. मग म्हणाला, "दुकानात एक फोन आला होता तुझ्यासाठी. प्रयोगशाळेतून. पहिल्या तारखेला येताय ना, विचारत होते."

तिचा हात कठड्यावर आवळला. "कधी?"

"झाले बरेच दिवस. हो म्हणून सांगितलं मी."

"आणि बाबांना?"

"बाबांना कोण सांगतंय?"

"पण त्यांना तुमच्या डोळ्यात दिसलं नाही?"

तो हसला. "माझ्या डोळ्यात ते कशाला बघतील? ज्याच्याकडून काही घ्यायचं नाही, त्याच्या डोळ्यात कोण बघतं?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. साऱ्या बाजाराचं मन वाचणाऱ्या माणसाच्या नाकाखाली त्याचा मुलगा एवढं मोठं गुपित पोटात घालून खडे तोलत बसला होता. तिला त्या क्षणी सासऱ्यांची नव्हे, स्वतःची लाज वाटली. तिनं तरी कुठे बघितलं होतं?

"तुम्ही का नाही निघून जात इथून?" तिनं विचारलं.

"बाबांचे हात कापतात आता. चिमट्यातून खडा सुटतो. मी पेटीमागे बसून खडे हाताळतो म्हणून बाजाराला कळत नाही. मी गेलो की आठवड्यात कळेल, आणि मग कुणी विचारणार नाही त्यांना." त्यानं तिचा हात धरला. "चल. पुढची पायरी जरा उंच आहे."

महिनाअखेरीला सासरे माल घ्यायला खाणीकडे गेले. "चार दिवसांत येतो. मी येईपर्यंत बाटली आणून ठेव," असं बजावून गेले. तिजोरी सकाळी नवरा उघडायचा, पण किल्ली त्यांच्या हातून घेऊन आणि त्यांच्या समोर. त्यांनी विकायचे खडे बाहेर काढून ठेवायला सांगितले, तिजोरी बंद करवली आणि किल्ली कमरेला लावून गेले. ती समजली की संपलं. पहिली तारीख तोंडावर आलेली, ते परतणार आदल्या संध्याकाळी, आणि त्यांच्या परतण्याबरोबर रोजचे थेंब सुरू. तिच्या मनानं हात टेकले.

ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिला कपबशीवरची बारीक नक्षी दिसली. पाकळी न् पाकळी. तिनं न्हाणीघरात जाऊन आरशासमोर विजेरी डोळ्यावर धरली. बाहुली आक्रसून मोहरीएवढी झाली. औषध उतरलं होतं. तिनं कुणालाच सांगितलं नाही आणि चष्माही उतरवला नाही. काळ्या काचेआड बरं वाटायचं, तिथं कुणी काही वाचायला येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर चष्म्याआडून त्याच्याकडे हवं तेवढा वेळ बघता यायचं. जिन्यावर तो हात पुढे करायचा तेव्हा ती गुपचूप धरायची.

सासरे यायच्या दिवशी दुपारी ती दुकानात उतरली, तर नवरा वडिलांच्या खुर्चीत बसला होता. तिथे बसलेलं तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. दार लावलेलं. पडदा ओढलेला. दिवा रोजच्यासारखा.

"बस," तो म्हणाला. समोरची जागा गिऱ्हाइकाची होती. ती बसली.

त्यानं टेबलावर एक पाकीट ठेवलं.

"तुझं आहे. बाबा गेले त्या सकाळी खड्यांच्या तबकाखालून काढलं. ते माझ्या हातांकडे बघत नाहीत, तेही एक बरं आहे." त्यानं पाकीट पुढे सरकवलं. "तेव्हाच द्यायला हवं होतं. देणं होत नव्हतं माझ्याच्यानं."

तिनं पाकीट हातात घेतलं.

"धाकटीला फोन केलाय. ती बॅग घेऊन स्थानकावर थांबलीय. बाबा सहानंतर येतील. त्यांची काळजी करू नको, मी आहे." मग तो टेबलावरचा चिमटा उगाचच सरळ करत म्हणाला, "खोटा खडा आहे हे ठाऊक असताना माणूस तो घरी नेऊन बघत बसत नाही. मी बसलो चार-आठ दिवस. तेवढं पुरे झालं. तुला कुणीतरी खरंच तसं बघावंसं वाटेल असं मिळो. इथे राहून नाही मिळायचं."

तिनं पाकीट उघडलं. काहीतरी करायला हवं म्हणून प्रमाणपत्र बाहेर काढलं आणि चष्मा कपाळावर सरकवून तळाची बारीक ओळ वाचली. छापखान्याचं नाव आणि क्रमांक, मुंगीएवढी अक्षरं. स्पष्ट. मग चष्मा परत नाकावर ओढला. तो खाली बघत होता, त्याच्या ध्यानात आलं नाही.

"जाताना एकदा चष्मा काढशील?" तो म्हणाला. "एकदाच."

तिनं काढला. तो तिच्या डोळ्यात बघू लागला, वडील बघतात तसा, पापणी न हलवता. म्हणजे हे कसब त्यालाही येत होतं. कुणी त्याला ते कधी करू दिलं नव्हतं एवढंच. तीही बघत राहिली. त्याच्या गालावर दाढी करताना कापल्याची एक बारीक रेघ होती. ती तिनं आज पहिल्यांदा जवळून पाहिली.

बऱ्याच वेळानं त्यानं मान खाली घातली आणि हसला.

"अजून तशाच आहेत गं. टपोऱ्या. उतरलं नाही औषध."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. औषध उतरून तीन दिवस झाले होते. दिवा तोच होता, पडदा हललेला नव्हता. त्या दुकानात बाहुली पसरायला आता एकच कारण उरत होतं, वस्तू मनात भरणं. भीती असेल, तिनं स्वतःला समजावलं. नव्या गावाची, पळून जाण्याची. भीतीनंही बाहुली पसरते. पण हे तिला धंद्यातलं कुणी शिकवायला नको होतं, की भ्यालेला माणूस मागे सरतो आणि ज्याला हवं असतं तो पुढे. ती टेबलावर जवळजवळ ओणवी झाली होती. तिचं कोपर त्याच्या हातापाशी पोचलं होतं.

उतरलंय हो, तीन दिवस झाले. शब्द दातांपर्यंत आले. नुसते म्हणायचा अवकाश. त्यानं पुन्हा एकदा बघितलं असतं आणि त्याला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं ते मिळालं असतं. आणि मग ती गेली नसती. संध्याकाळी म्हातारा आला असता, बाटली कुठाय विचारलं असतं, उद्या सकाळी तिची मान मागे, डोळ्यात थेंब, शेजारी खुर्ची, हा दिवा. तो इथून हलणार नव्हता; बापाचे कापरे हात झाकायला तो जन्मभर त्या पेटीमागे बसणार होता. त्याच्यावर जीव जडायला तिला हीच वेळ सापडली होती. आधी जडला असता तर निदान राहायला कारण तरी झालं असतं. आता जावंही लागणार होतं आणि सुटकाही नव्हती.

"हो," ती म्हणाली. "वेळ लागतो म्हणाली होती धाकटी."

त्या दुकानात तिनं मारलेली ही एकच थाप, जी समोरच्यानं निमूट खरी मानली. तिनं चष्मा चढवला, पाकीट उराशी धरलं आणि उठली. त्यानं दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

"पायऱ्या बघून," तो मागून म्हणाला. "दिसायच्या नाहीत तुला. मी येऊ?"

"नको. जाईन मी."

दाराबाहेर तीन पायऱ्या होत्या. तिला सगळ्या दिसत होत्या. मधलीचा टवका, कडेनं चाललेली मुंग्यांची रांग, सगळं. तो दारात उभा राहून बघत होता. तिनं कठडा धरला, पाय पुढे केला, हवेत फिरवला, आणि आंधळ्या माणसासारखी एकेक पायरी शोधत खाली उतरली.